पुढचा नंबर

आलेख सुंदर आहे, असं तौनो म्हणतो.
आहेच सुंदर:
बराच वेळ जमीन धरून चालणारी रेघ
अडतीस टक्के भारापाशी येते
आणि भिंत चढावी तशी सरळ वर.
"त्याआधी सरासरी चोवीस ठोके.
लिहून टाक, तुओवी. शुक्रवारी पाठवू."

चौसष्ट राउटर, आठ बाय आठ,
नखाएवढ्या सिलिकॉनवर वसवलेलं गाव.
प्रत्येकाला पाच दारं:
चार दिशांची चार, पाचवं घरचं.
दारामागे रांग, रांगेपुढे पंच,
पंचाच्या हातात काटा.
काटा ज्याच्याकडे, त्याचा नंबर आधी;
कुणावर अन्याय नको म्हणून
पुकारा झाला की काटा एक घर सरकतो.
मीच लिहिला तो, चार वर्षांपूर्वी,
हेर्वान्तातल्या याच तिसऱ्या मजल्यावर,
बाहेर उणे एकवीस असताना,
आणि मला त्याचा अभिमान होता.

निघता निघता, एक बाही कोटात असताना,
मी यंत्राला सहज विचारलं:
सगळ्यात उशिरा पोचलेलं पाकीट कुठलं?

सदतीसव्या राउटरच्या पश्चिम दारात
एक पाकीट
अकरा हजार दोनशे चार ठोके
उभं होतं.
हरवलं नव्हतं. कुणी विसरलंही नव्हतं.
दर फेरीत काटा त्याच्यापाशी यायचा,
नाव पुकारायचा,
आणि नेमकं तेव्हाच पलीकडचं दार
दुसऱ्या कुणासाठी धरलेलं असायचं.
काटा पुढे.
त्याचं कर्तव्य झालेलं.

"लाखात एक," तौनो म्हणाला,
"सरासरीला धक्का नाही."
सरासरीला कशाचाच धक्का लागत नाही, तौनो.

दोन रात्री हिरव्या रेघांत डोळे घातले,
दिसत होतं, कळत नव्हतं.

बुधवारी औषधाच्या दुकानात माझा चौऱ्याहत्तर.
टिंग. फलकावर एकाहत्तर.
कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं कुबडी घेतली,
मग दुसरी,
मग मांडीवरून घसरलेली टोपी,
आणि तो अर्धा उठला असेल-नसेल तोच
टिंग.
बहात्तर.
तो पुन्हा बसला.
बोलला काही नाही, आमच्याकडे कुणी बोलत नाही.
काउंटरवरची मुलगी वाईट नव्हती हो,
तिच्या हिशेबी तिनं त्याला बोलावलं होतं.

मी मोठ्यानं म्हणाले, "एकाहत्तर अजून येतोय!"
सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं.
माझे कान तापले.
तो आपल्या चालीनं काउंटरपर्यंत गेला,
आणि मी औषध न घेताच
ट्रामकडे पळत सुटले.

एका ओळीची दुरुस्ती:
बोलावलेला गेला, तरच काटा सरकेल.
नाही गेला, तर तिथेच थांब.
त्यालाच पुन्हा बोलाव.

लिहायला एक ओळ. पण "गेला का?"
हे विचारून परत यायला तार लागते,
आणि तार तीस पिकोसेकंद उशिरा पोचते.
शुक्रवार उलटला.
शनिवारी एका बफरमधलं एक घर मोडून
तेवीस परत मिळवले.
उरलेल्या सातांनी माझा रविवार खाल्ला,
सौना तापवून ठेवलेली बहीण रुसली ती वेगळीच.

भिंत अडतीसवरून चव्वेचाळीसला सरकली.
सरासरी चोवीसची तेवीस.
"एवढ्यासाठी? एका ठोक्यासाठी?"

मी तक्त्यात एक रकाना वाढवला,
जो आमच्या कुठल्याच तक्त्यात नसतो:
सर्वांत जास्त ताटकळलेला.
आधी: अकरा हजार दोनशे चार.
आता: शहाण्णव.

तौनो उभ्याउभ्याच वाचत राहिला.
मग कॉफी आणायला गेला आणि
न विचारता दोन कप घेऊन आला.
"शहाण्णव कोण?" त्यानं विचारलं.
"बावन्नच्या उत्तर दारातला एक.
उद्या बघते."

कोटाच्या खिशात हात घातला तर
चुरगळलेला कागद.
चौऱ्याहत्तर.